शेवटच्या धगीवरची वडी

माझी नात मुग्धा घरच्या घरी ब्राउनी करून विकते. ऑर्डरी फोनवर येतात, माणूस दारात येऊन डबे घेऊन जातो. यंदाच्या दिवाळीसाठी तिने नवे खोके छापायला टाकले होते. झाकणावर माझा तरुणपणीचा फोटो आणि खाली चार ओळी. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी, परळच्या एका भट्टीत, आजोबांच्या हातून झालेली गोड चूक, असा काहीसा मजकूर. तो तिने मला वाचून दाखवला आणि मी तिला छपाई थांबवायला सांगितली. "का हो आजोबा, फोटो आवडला नाही का?" असं तिने विचारलं. फोटो चांगला आहे. कारण दुसरं आहे, ते लिहून देतो आहे.

दोष तिचा नाही. ती गोष्ट तिने माझ्याच तोंडून ऐकली. भट्टी बंद पडल्यावर मी ठाकूरद्वारला दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं आणि पुढची तीसेक वर्षं बायकांना घरगुती बिस्किटं आणि केक शिकवले. काचेची खिडकी असलेले गोल अॅल्युमिनियमचे ओव्हन तेव्हा घरोघरी नवे आले होते आणि त्यात नेमकं काय करायचं हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मी कोकोची एक वडी शिकवायचो. वरून पातळ पापुद्रा, आत ओला, जड गाभा. आम्ही तिला गाभ्याची वडी म्हणायचो. ती ओव्हनमध्ये गेली की मी गोष्ट सांगायचो. एक मेचा दिवस, बाहेर ढोल-लेझीम, मी आनंदाच्या भरात बिस्किटांचे पत्रे वेळेआधीच बाहेर ओढले आणि बिस्किटांऐवजी ही वडी झाली. बायका हसायच्या. वडी निघेपर्यंत वेळ बरा जायचा.

यातलं काहीच तसं झालं नव्हतं. आता माझं वय असं आहे की खोके छापून आले तर ते दुरुस्त करायला मी असेन की नाही, सांगता येत नाही.

आधी भट्टीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी विशीत कोकणातून आलो आणि भोईवाड्याच्या अलीकडे एका बेकरीत भट्टीवर लागलो. आमची भट्टी म्हणजे विटांची घुमटी होती. आतून एखाद्या खोलीएवढी खोल, तोंड मात्र माणूस वाकून डोकं घालेल एवढंच. आत लाकडं जाळायची. घुमटाच्या विटा तापून पांढऱ्या दिसायला लागल्या की निखारे ओढून काढायचे आणि लांब बांबूला बांधलेल्या ओल्या पोत्याने लादी पुसायची. त्यानंतर जाळ घालायचा नाही. विटांनी जी धग धरून ठेवली असेल तिच्यावरच सगळं भाजायचं. चुलीची आच कमी-जास्त करता येते. भट्टीची धग फक्त उतरत जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी पाव, मग बिस्किटं आणि नानकटाई, शेवटी वाळवायला टोस्ट. धग ओळखायला मी चिमूटभर मैदा लादीवर टाकायचो. पटकन काळा पडला तर थांबायचं. सावकाश बदामी झाला तर बिस्किटं घालायची. पांढराच राहिला तर बिस्किटांचा नाद सोडायचा.

दुपारचा पाव निघाला की घरगुती पत्र्यांची वेळ. त्या काळी चाळीत कुणाकडे ओव्हन असणार? बायका घरून पीठ मळून, पत्र्यावर नानकटाया थापून आणायच्या आणि आम्ही त्या भाजून द्यायचो. दिवाळीआधी पंधरा दिवस तर रांग रस्त्यापर्यंत जायची. आलेल्या प्रत्येक पत्र्याला मी नंबराची चिठ्ठी द्यायचो. पत्रे बदलू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असे. कुणी चारोळी लावायचं, कुणी वेलदोड्याची दोन टरफलं खोचायचं. भोईवाड्याच्या कोर्टातले एक कारकून होते, ते बायकोला पाठवत नसत, स्वतः यायचे आणि प्रत्येक नानकटाईवर टाचणीने आपली सही केल्यासारखी रेघ ओढलेली असायची. मी एकदा गमतीने म्हटलं की साहेब, शिक्काही आणा. पुढच्या वेळी त्यांनी खरोखरच लाकडाचा छोटा शिक्का आणला. आणखी एक आजी भट्टीच्या तोंडासमोर स्टूल टाकून बसायच्या. त्यांचं तूप आम्ही काढून घेऊ अशी त्यांना भीती होती. भाजायला गेलेल्या नानकटाईतून तूप कसं काढतात हे मला अजून कळलेलं नाही, पण त्या मात्र घामाघूम होऊन पाहत बसायच्या.

संयुक्त महाराष्ट्र चळवळीतल्या पहिल्या गोळीबाराच्या दिवसांत एकदा अचानक संचारबंदी लागली आणि अकरा पत्रे आमच्याकडे अडकले. दोन दिवसांनी ती थोडी सैल झाली तेव्हा मालक आणि मी ते डोक्यावर घेऊन घरोघर पोचवायला निघालो. खुणा माझ्या तोंडपाठ होत्या. एकाही घराचा पत्रा चुकला नाही. लालबागच्या एका चाळीत बाईने दार उघडलं, पत्र्याकडे पाहिलं आणि ती दारातच खाली बसली. तिच्या धाकट्या दिराच्या साखरपुड्याची ती बिस्किटं होती. तो आदल्या दिवशी गोळी लागून गेला होता. पत्रा आत ठेवायचा की परत न्यायचा हे आम्हाला कळेना. शेवटी मालकांनी तो उंबऱ्याच्या आत सरकवला आणि आम्ही निघालो.

हा प्रसंग मी पुष्कळदा सांगितला आहे, कारण त्यात मी बरा दिसतो. कुणाचा पत्रा कुणाला गेला नाही याचा मला अभिमान होता आणि आहे. पण चिठ्ठीवर जो नंबर असे त्याच नंबराने प्रत्येक पत्रा भट्टीत जात होता, असं मी कुणाला शपथेवर सांगू शकणार नाही.

सोनाबाई डिलाईल रोडच्या चाळीतून यायच्या. तिशी ओलांडलेली, उंच, कमी बोलणारी बाई. नवरा गिरणीत होता. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या कुलाब्याला एका गोऱ्या साहेबाच्या घरी आया होत्या. तिथल्या मडमेने त्यांना चॉकलेटची बिस्किटं शिकवली. ते कुटुंब विलायतेला परत गेलं तेव्हा जाताना तिने त्यांना कोकोचे दोन डबे आणि मापाचा एक पेला दिला. डबे संपल्यावर सोनाबाई क्रॉफर्ड मार्केटातून कोको आणायच्या आणि महिन्यातून एक-दोनदा पत्रा घेऊन आमच्याकडे यायच्या. चाळीतल्या मुलांच्या वाढदिवसाला, कुणाच्या पास होण्याला. आमच्या भागात तसा वास दुसऱ्या कुणाच्या पत्र्याला नसे.

त्या महार समाजातल्या. राज्य होण्याच्या तीन-चार वर्षं आधी त्यांच्या सगळ्या चाळीने बौद्ध धर्म घेतला होता. आमच्या भट्टीवर याचा अर्थ एवढाच होता की त्यांचा पत्रा शेवटी जायचा. चिठ्ठी तिसरी असो की पहिली, मी तो खालच्या फळीवर ठेवायचो. लादी तीच, पत्रे आत सारायचं फावडं तेच, पण शेवटी गेला की त्याच्यामागून कुणाचा पत्रा जात नसे, आणि मग कुणी काही बोलत नसे. मालकांनी मला असं कधी सांगितलं नाही. माझ्याआधी भट्टीवर असलेल्या माणसानेही सांगितलं नव्हतं. त्याला करताना मी पाहिलं होतं, तेवढं पुरलं.

पहिल्या वर्षी त्यांची बिस्किटं बसकी, मधे कच्ची निघायची. त्या काही न बोलता घेऊन जायच्या. पुढे माझ्या लक्षात आलं की त्या पत्र्यावर बिस्किटं थापून आणतच नाहीत. पीठ कमी, तूप आणि कोको जास्त, आणि सगळं एकसंध जाड थापलेलं. शेवटच्या धगीला ते हलके हलके जमायचं. वर पापुद्रा यायचा, आत ओल राहायची. एकदा मी विचारलं की बाई, यात पीठ इतकं कमी का.

"तुमच्याकडनं जेवढी धग मिळते, तेवढंच पीठ घालते, भाऊ," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारात भाजी महाग झाली की माणूस कमी घेतो, तसं त्यांनी सांगितलं. मी हसलो होतो, हे मला आठवतं.

महाराष्ट्र राज्य होणार हे नक्की झालं तेव्हा सगळ्या गिरणगावात तोरणं लागली. मी राहत होतो ती चाळ आणि सोनाबाईंची चाळ यांच्यामधे एक मैदान होतं. दोन्ही चाळींनी मिळून तिथे कार्यक्रम करायचा ठरवलं. पुढाकार परब मास्तरांचा. ते महापालिकेच्या शाळेत शिकवायचे आणि चळवळीत दोनदा तुरुंगात जाऊन आले होते. मुलांना वाटायला पेढे सगळेच आणतील, आपण काहीतरी नवं देऊ, असं त्यांनी बैठकीत सांगितलं आणि ते काम सोनाबाईंना दिलं. बैठकीत जरा कुजबुज झाली. मास्तर म्हणाले, मोर्चात लाठ्या शेजारी शेजारी बसून खाल्ल्या, आता खाऊही तसाच खाऊ. मी त्या बैठकीत मागे बसलो होतो.

एक मेच्या आदल्या दिवशी दुपारी सोनाबाई भट्टीवर आल्या. पत्रा आणला नव्हता. म्हणाल्या, उद्या चार पत्रे आहेत आणि वडी नको, बिस्किटं करायची आहेत. पोरांच्या हातात मोडणार नाहीत, खिशात टाकली तरी राहतील अशी. मडमेकडे करायचे तशी कडक आणि गोल.

"त्याला पहिली धग लागंल," त्या म्हणाल्या. "द्याल का?"

"देतो."

"नक्की ना, भाऊ?"

"बाई, शब्द दिला."

त्या दिवशी मला ते खरंच द्यायचं होतं. एवढं मी स्वतःच्या बाजूने लिहितो. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. नवरा दोन पत्रे ठेवून पाळीला गेला, दोन त्यांनी स्वतः आणले. चारही पत्र्यांवर एकसारखी गोल बिस्किटं, प्रत्येकावर काट्याने ओढलेल्या तीन रेघा. इतकं सुबक काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. मी त्यांना एक नंबरची चिठ्ठी दिली. पाव काढला, लादी पुसली, मैदा टाकला. मैदा सावकाश बदामी झाला. त्याहून चांगली धग बिस्किटांना मिळत नाही.

तेवढ्यात शेवंताकाकू आल्या. काकू म्हणजे आमच्या गाववाल्याची बायको. मुंबईत आल्यापासून मी त्यांच्या खोलीत वळकटी टाकत होतो आणि दोन वेळचं त्यांच्या हातचं जेवत होतो. नोकरीही त्यांच्या नवऱ्याच्या ओळखीने लागलेली. त्या दोन पत्रे नानकटाई घेऊन आल्या होत्या. संध्याकाळी घरी पाहुणे होते. सोनाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्याकडे काकूंनी पाहिलंही नाही.

"बाबल, माझे पत्रे आधी घाल रे," काकू म्हणाल्या. "मगे काय तां घाल."

त्यात दरडावणी नव्हती. रोज भात वाढताना बोलायच्या त्याच आवाजात त्या बोलल्या. मी फावडं हातात धरून उभा होतो. चिठ्ठी दाखवून 'काकू, आज नंबर आहे' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी खाली बघून सोनाबाईंना म्हटलं, "पाच मिनिटं, बाई." आणि काकूंचे पत्रे आत सारले. एकदा ते गेल्यावर त्यांच्यामागून आलेल्या तिघींना थांबवायला माझ्याकडे कारण उरलं नाही. किंवा मी शोधलं नाही. भट्टीचं तोंड पुन्हा पुन्हा उघडलं आणि धग जात राहिली.

पाऊण तासाने मी मागे वळून पाहिलं तर सोनाबाई पायरीवरून उठून फळीपाशी आल्या होत्या. त्यांनी सुरीने चारही पत्र्यांवरची बिस्किटं खरवडून परातीत गोळा केली होती. काट्याच्या रेघा सगळ्या मोडल्या होत्या. त्यांनी बरोबर आणलेल्या लोट्यातून भरपूर ओतलं, मला वाटलं तूपच, डब्यातला उरलेला कोको सगळा घातला, आणि कोपरापर्यंत हात घालून ते नव्याने मळायला घेतलं.

"काय करताय हे?" मी विचारलं.

"तुम्ही काय करताय ते बघून करतेय," त्या म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली नाही. मळून झाल्यावर पत्र्यांवर बोटभर जाड थापलं, तळव्याने सारखं केलं आणि पत्रे माझ्याकडे सरकवले. मी ते शेवटच्या धगीला घातले. म्हणजे माझ्या गोष्टीतली ती चूक अशी. त्या दिवशी भट्टीवर कुणाच्या हातून काहीही चुकलं नाही. मी काय करणार हे ओळखून एका बाईने डोळ्यांसमोर आपलं काम मोडलं आणि त्यातून जे होण्यासारखं होतं ते केलं.

ते झालंही उत्तम. पत्रे निघाले तेव्हा पापुद्रा तुकतुकीत होता आणि वास रस्त्यावर गेला होता. त्यांनी चौकोनी वड्या कापून दोन पराती भरल्या. एक त्यांनी घेतली, एक मी घेतली आणि आम्ही मैदानावर गेलो.

मैदानात पताका होत्या, मंचावर परब मास्तरांचं भाषण चाललं होतं. मुलं रांगेत उभी केली होती. आमच्या चाळीच्या रांगेत सगळ्यात पुढे शेवंताकाकू नातवाचा हात धरून होत्या. सोनाबाईंनी परात पुढे केली. नातवाने वडी उचलली, तसा काकूंनी त्याचा हात मनगटाशी धरला. जोरात नाही, फक्त धरला. आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्यां कोणी केल्यान, बाबल?"

मागच्या बायका ऐकत होत्या. मुलाचा हात तसाच वर राहिला होता. सोनाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, परातीकडे बघत होत्या. मास्तर मंचावर, लांब.

"भट्टीतलं आहे, काकू," मी म्हटलं. "मीच केलंय."

काकूंनी हात सोडला. मुलाने खाल्लं. मग स्वतः काकूंनी एक घेतली, आणि म्हणाल्या की बाबल्याच्या हाताला चव आहे हां. रांग पुढे सरकली. दोन्ही पराती बघता बघता रिकाम्या झाल्या. काही मुलं पुन्हा रांगेत उभी राहिली. सोनाबाई शेवटची वडी जाईपर्यंत वाटत राहिल्या.

मला तेव्हा वाटलं की मी प्रसंग निभावून नेला. पोरांना खाऊ मिळाला, वाद झाला नाही, समारंभाला गालबोट लागलं नाही. रिकाम्या पराती घेऊन आम्ही मैदानाच्या कडेला आलो तेव्हा त्यांनी आभार मानावेत अशी माझी अपेक्षा होती, हे लिहायला लाज वाटते. मी म्हटलंही, बघा बाई, एकही उरली नाही.

त्यांनी परात पदराने पुसली. मग म्हणाल्या, "माझं नाव सांगितलं असतं, तर किती उरल्या असत्या, ते मला बघायचं होतं, भाऊ. आज राज्य झालं ना. आज बघायचं होतं."

आणि चारही पत्रे उद्या माणूस पाठवून नेईन, असं सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी नवरा आला आणि पत्रे घेऊन गेला. सोनाबाई त्यानंतर आमच्या भट्टीवर आल्या नाहीत.

आठवडा गेला नाही तोच लोक विचारायला लागले. ती मैदानातली वडी परत कधी? मालकांनी म्हटलं, लोक मागताहेत तर कर की. मी करायला लागलो. गाभ्याची वडी हे नाव मालकांनी दिलं. बेकरीच्या काचेच्या बरणीत ती राहू लागली, गणपतीत आणि नाताळात कमी पडू लागली. कुणी विचारलं की ही सुचली कशी, तर सुरुवातीला मी हसून वेळ मारून न्यायचो. पण लोकांना काहीतरी सांगावं लागतं. मग ती ढोल-लेझीमची गोष्ट तयार झाली. मला वाटतं तिच्यात दरवर्षी थोडी भर पडत गेली. त्या गोष्टीत माझी चूक होती म्हणून ती लोकांना आवडायची. स्वतःची चूक हसत सांगणारा माणूस प्रामाणिक वाटतो.

परब मास्तरांना खरं माहीत होतं. त्यांनी मला एकदाच विचारलं की काम कुणाला दिलं होतं आणि नाव कुणाचं झालं. मी सांगितलं की लोकांनी खावं म्हणून तसं बोललो. ते म्हणाले, खायचं की नाही ते लोकांना ठरवू द्यायचं होतंस. त्यानंतर रस्त्यात भेटले तर ओळख द्यायचे, थांबायचे नाहीत.

सोनाबाई वारल्याचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही भलत्याच कामासाठी त्या चाळीत गेलो तेव्हा. खोली दुसऱ्यांची झाली होती. मुलं कल्याणच्या पुढे कुठेतरी राहायला गेली, एवढंच शेजाऱ्यांनी सांगितलं. मी त्यांचं आडनाव विचारलं नाही. भट्टीवर चिठ्ठीला 'सोना, डि. रोड' एवढंच लिहायचो. म्हणून आज नातीला खोक्यावर काय छाप म्हणून सांगायचं तर माझ्याकडे पूर्ण नावसुद्धा नाही. सोनाबाई, डिलाईल रोड. वडी त्यांची आहे. पहिल्यापासून त्यांचीच होती.

इथे लेख संपवून मी दोन दिवस बाजूला ठेवला होता. पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की यातही मी एक गोष्ट गाळली आहे. वर मी 'करायला लागलो' असं दोन शब्दांत लिहून गेलो. ते तसं झालं नाही. मला ती वडी येत नव्हती.

त्यांचे थापलेले पत्रे मी तीन वर्षं पाहिले होते आणि त्या दिवशी मळतानाही पाहिलं होतं, म्हणून जमेल असं वाटलं. पहिल्या दिवशी बरी व्हायची. दुसऱ्या दिवशी दगड. गिऱ्हाइकं परत आणून द्यायला लागली. तूप वाढवून पाहिलं, भाजणं कमी करून पाहिलं. महिनाभर झगडून मी एका दुपारी डिलाईल रोडला त्यांच्या खोलीवर गेलो.

दार उघडंच होतं. नवरा रात्रपाळी करून भिंतीकडे तोंड करून झोपला होता. भिंतीवर देव नव्हते, दोन तसबिरी होत्या. सोनाबाई मोरीजवळ बसून भाजत होत्या. रॉकेलचा चौकोनी डबा आडवा करून त्याला पत्र्याचं झाकण केलं होतं. तळाला वाळू, खाली शेगडी आणि डब्यावर निखाऱ्यांचं घमेलं. म्हणजे आता भट्टी त्यांच्या घरात होती, आणि पहिली धगही त्यांची. बाजूला ताटात गोल बिस्किटं निवत ठेवली होती, काट्याच्या तीन रेघांची, कडक. आणि दुसऱ्या ताटात वडी.

त्यांनी मला बसायला पाट दिला. मी आल्याचं कारण सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की त्या मला हाकलतील.

"दुसऱ्या दिवशी वाळते?" त्यांनी विचारलं.

"दगड होते."

"सांगून नाही कळायचं," त्या म्हणाल्या. वडीचा तुकडा कापून बशीत ठेवला, बशी माझ्यापुढे सरकवली. शेजारी पाण्याचा पेला ठेवला. "चावून बघा. जिभेला कळंल."

मी बशीकडे पाहिलं. त्यांची वडी मी महिनाभर स्वतःची म्हणून विकत होतो. मी म्हटलं, "आज माझा उपास आहे."

"कसला?"

त्या दिवशी बुधवार होता. "बुधवारचा," मी म्हटलं.

लोकांच्या भीतीने तसं वागलो, असं मी पुढे स्वतःला समजावत आलो. पण तिथे बघणारं कुणी नव्हतं. दारात कुणी नव्हतं, नवरा झोपलेला होता. काकू मैलभर लांब. खोलीत ती बाई होती आणि मी होतो. मग मी कुणाला घाबरलो, हे मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.

सोनाबाईंनी बशी उचलली, वडी वर्तमानपत्राच्या कागदात बांधली आणि पुडी माझ्या हातावर न ठेवता पाटाजवळ जमिनीवर ठेवली.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "उपास सुटला की खा."

मी पुडी उचलून निघालो. डिलाईल रोडच्या पुलाखाली आलो तेव्हा गिरणी सुटली होती, रस्ता माणसांनी भरला होता. पानाच्या एका बंद दुकानाच्या फळीला टेकून मी पुडी सोडली आणि तिथेच, उभ्या उभ्या, खाल्ली. कुणी पाहिलं असतं तरी ती कुठून आली हे त्यांना कळलं नसतं. दुसऱ्या घासाला मला समजलं. साखर निम्मीच होती, बाकी काकवी होती. काकवी ओल धरून ठेवते. कागदाला लागलेला चुरासुद्धा मी खाल्ला.

परत जाताना लालबागला एका वाण्याकडून काकवीची बाटली घेतली. दुसऱ्या दिवशी केलेली वडी तिसऱ्या दिवशीही तशीच मऊ राहिली. मालकांनी एक तोंडात टाकली, मान डोलावली आणि विचारलं, बाबल, काय घातलंस रे यात?

मी म्हटलं, काही नाही, हात बसला.